किडनीच्या रिपोर्टमागे आहेत समुद्रातले मासे! होमर स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट

बीपी-शुगरच्या तपासणीला तालुक्याला गेलं की हल्ली रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली आणखी एक आकडा छापून येतो. ई-जीएफआर. किडनी मिनिटाला किती रक्तरस गाळते, त्याचा हा अंदाज. तरण्याताठ्या निरोगी माणसाचा आकडा 100 ते 120 च्या आसपास असतो. तीन महिन्यांहून जास्त काळ तो 60 च्या खाली राहिला की डॉक्टर सावध होतात, आणि 15 च्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते. किडनी दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप खराब होत जाते. म्हणून हा आकडा मोलाचा. पण जिवंत माणसाच्या पोटातली किडनी किती गाळते, हे बाहेरून मोजायचं कसं? हे कोडं सुटलं त्यात मोठा वाटा माशांचा आहे, आणि त्या माशांच्या मागे आयुष्य घालवलेल्या होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाचा.

स्मिथ यांचा जन्म 2 जानेवारी 1895 चा, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला. बालपण गेलं कोलोरॅडोच्या डोंगरातल्या क्रिपल क्रीक या सोन्याच्या खाणींच्या गावात. समुद्र तिथून शेकडो कोस लांब. पहिल्या महायुद्धात त्यांची नेमणूक विषारी वायूंवर संशोधन करणाऱ्या विभागात झाली. तिथे एली मार्शल हे शास्त्रज्ञ भेटले आणि पुढची वाट ठरली. मार्शल यांना किडनीचं वेड होतं.

त्या काळी किडनीबद्दल जोरदार वाद चालू होता. किडनीत बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो गुच्छ असतात आणि प्रत्येक गुच्छाला एक लांब नळी जोडलेली असते. गुच्छ गाळणीचं काम करतो. पण नळी नुसती कामाचं पाणी परत ओढून घेते, की स्वतःही रक्तातली घाण उचलून लघवीत टाकते? माणसाच्या किडनीत दोन्ही एकत्र गुंतलेले, त्यामुळे वेगळं करून बघता येईना. उत्तर समुद्रात सापडलं. गूजफिश नावाच्या मोठ्या जबड्याच्या माशाच्या किडनीत गुच्छ जवळपास नसतातच, कामाच्या असतात त्या नळ्या. तरीही तो लघवी करतो. म्हणजे नळ्याही घाण बाहेर टाकतात, हे मार्शल यांनी दाखवून दिलं. गाळणीच नसलेला मासा पुढे स्मिथ यांच्याही फार उपयोगी पडला.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यात माउंट डेझर्ट नावाचं बेट आहे. तिथल्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत स्मिथ वर्षानुवर्षं उन्हाळ्यात जात राहिले. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. समुद्रातला मासा तहानेने मरत कसा नाही?

प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच माशाचं होतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि बहुतेक माशांच्या रक्तात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. त्यामुळे बाहेरचं खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी सारखं ओढून घेत असतं. नदीतल्या माशाचं उलटं. पाण्यात टाकलेल्या मनुकेसारखं त्याच्या अंगात पाणी शिरत राहतं, म्हणून तो भरपूर आणि पातळ लघवी करतो.

स्मिथ यांनी समुद्राच्या पाण्यात फिनॉल रेड हा लाल रंग मिसळला आणि त्यात मासे सोडले. हा रंग आतड्यातून शोषला जात नाही. नंतर बघतात तर आतड्यातला रंग बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट! म्हणजे मासा खारं पाणी चक्क पितो, पाणी शोषून घेतो आणि रंग मागे राहतो. मग आत गेलेल्या मिठाचं काय? लघवीतून तर ते जात नव्हतं. ते कल्ल्यांवाटे बाहेर पडत असणार, असं त्यांनी 1930 साली मांडलं, आणि दोनच वर्षांत दुसऱ्या संशोधकांनी कल्ल्यांमधल्या मीठ फेकणाऱ्या पेशी दाखवल्या.

मुशीची तऱ्हा आणखी वेगळी. ती आपल्या रक्तात युरिया साठवते, लिटरला साधारण 20 ग्रॅम. माणसाच्या रक्तात एवढा युरिया झाला तर तो वाचणार नाही. मुशीचं मात्र त्यामुळेच बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी गणित जुळतं आणि अंगातलं पाणी टिकतं. मुशीची किडनी युरिया सोडत नाही, परत ओढून घेते, हे स्मिथ यांनी उलगडलं. कोकणात मुशी शिळी झाली की नाकात झणझणणारा वास येतो, तो याच युरियाचा अमोनिया झाल्याचा.

त्याआधी, 1928 मध्ये, ते आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर गेले होते. तिथे कामोंगो नावाचा मासा मिळतो. त्याला कल्ले आहेत आणि फुप्फुसंही. पाणी आटलं की तो चिखलात बीळ करून वेटोळं घालतो, अंगाभोवती चिकट स्रावाचं कवच करतो आणि हवेसाठी बारीक वाट ठेवून महिनोन्महिने निजून राहतो. आपल्याकडची मरळही हवा घेते, पण याची बात वेगळी. अन्न नाही, पाणी नाही, लघवीही बंद! स्मिथ यांनी अशा माशांवर प्रयोग केले. मासा स्वतःचं मांस जाळून जगतो, त्यातून होणारा विषारी अमोनिया युरियात बदलतो आणि तो युरिया अंगात साठवून ठेवतो. पाणी आलं की सगळा धुऊन टाकतो. या माशाच्या नावानेच त्यांनी 1932 साली कामोंगो हे पुस्तक लिहिलं.

आता परत रिपोर्टकडे. 1928 पासून स्मिथ न्यूयॉर्क विद्यापीठात प्राध्यापक होते आणि शेजारच्या बेलव्ह्यू रुग्णालयात खरे रुग्ण होते. किडनी किती गाळते हे मोजायला असा पदार्थ हवा होता, जो गुच्छातून सहज गाळला जाईल, पण नळी त्याला ना परत ओढेल ना वरून भर घालेल. शोध घेता घेता हाती लागलं इन्युलिन, डेलियाच्या कंदात मिळणारा पिठूळ पदार्थ. चाचणी सोपी नव्हती, पण गाळणी नसलेला मासा पंच म्हणून हजर होता. त्याच्या रक्तात इन्युलिन सोडलं तर ते लघवीत येतच नाही. म्हणजे नळीचा त्यात हात नाही. स्मिथ यांचे सहकारी जेम्स शॅनन यांनी 1934 मध्ये मुशीच्या जातीच्या माशावर ते तपासलं आणि 1935 मध्ये दोघांनी माणसावरचे आकडे प्रसिद्ध केले. फिलाडेल्फियाचे रिचर्ड्सही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते, हे सांगायला हवं. रक्तात इन्युलिन किती आणि मिनिटाला लघवीतून किती गेलं, एवढा हिशेब केला की गाळणीचा वेग कळतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं.

आज आपल्याला कोणी इन्युलिन टोचत नाही. क्रिएटिनिनवरून सूत्राने अंदाज काढतात. पण तो अंदाज बरोबर की चूक हे ठरवण्याची मोजपट्टी या कामातूनच आली.

स्मिथ स्पष्टवक्ते होते. बीपी वाढलं म्हणून एक किडनी काढून टाकायची लाट अमेरिकेत आली होती. त्यांनी झालेल्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला आणि 1956 मध्ये दाखवलं की जेमतेम चौथा हिस्सा रुग्णांना गुण आला होता. बाकीच्यांची किडनी फुकट गेली होती.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. पाठीचा कणा असलेले पहिले प्राणी गोड्या पाण्यात जन्मले आणि अंगात शिरणारं पाणी उपसायलाच किडनीची गाळणी तयार झाली, असं त्यांनी 1953 च्या पुस्तकात रंगवून मांडलं. आज बरेच शास्त्रज्ञ ते मानत नाहीत, सुरुवात समुद्रातच झाली म्हणतात.

1961 मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले आणि 25 मार्च 1962 रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या 67 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. अमेरिकेतली किडनीतज्ज्ञांची संस्था त्यांच्या नावाने पुरस्कार देते. माउंट डेझर्टच्या बेटावरची ती प्रयोगशाळा अजून चालू आहे.