मायकेल फॅरडे व मानाचें सभासदत्व

ज्या शाळांतून गुणवंत विद्यार्थ्यांचें एखादें मानाचें मंडळ असतें, त्या शाळांतून वर्षांतून एकदां नव्या सभासदांचें स्वागत होत असतें. नांवें वाचलीं जातात, टाळ्या पडतात, आईबापांस धन्यता वाटते. त्याच वेळीं मागल्या बांकावरील एखाद्या मुलाच्या मनांत आपलें नांव कां नाहीं, हा प्रश्न उभा राहतो. निवडलेल्यांस व राहिलेल्यांस सारखेंच उपयोगी पडेल असें एक चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. तें सुप्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचें होय.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळील न्यूइंग्टन येथें झाला. वडील लोहार होते व त्यांची प्रकृति नेहमीं नादुरुस्त असे. त्यामुळें घरांत दारिद्र्य होतें. १८०१ सालीं धान्य फार महागलें, तेव्हां नऊ वर्षांच्या मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एकच पाव येत असे. लिहिणें, वाचणें व थोडेंसें अंकगणित एवढेंच काय तें शाळेंतील शिक्षण. पुढें तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे वर्तमानपत्रें पोंचविण्याच्या कामास राहिला. मुलगा प्रामाणिक आहे असें पाहून रीबो यांनीं १८०५ सालीं त्यास कांहीं एक फी न घेतां पुस्तकबांधणीचा उमेदवार केलें. दुकानांत बांधावयास आलेलीं पुस्तकें मायकेल नुसतीं बांधीत नसे, तीं वाचीतही असे. विजेविषयीं जें कांहीं वाची, त्याचे प्रयोग तो आपल्या तुटपुंज्या पैशांतून साहित्य आणून करून पाही.

लंडनमध्यें त्या काळीं ज्ञानाची हौस असणाऱ्या साध्यासुध्या तरुणांची एक मंडळी होती. तिचें नांव सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी. टेटम नामक गृहस्थांच्या घरीं संध्याकाळीं शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें होत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे, व तो मायकेलजवळ नसे. त्याचा वडील भाऊ रॉबर्ट हाही लोहारकाम करी. त्यानें आपल्या कमाईंतून तो शिलिंग द्यावा व धाकट्यानें जाऊन शिकावें, असें चाललें. १८१० सालीं मायकेल तेथें जाऊं लागला व पुढें त्या मंडळीचा सभासदही झाला. थोर पदवीचे लोक तेथें नव्हते. परंतु आपल्यासारख्याच मित्रांच्या संगतींत विचार करण्याची व चार लोकांपुढें बोलण्याची संवय त्यास तेथेंच लागली. फॅरडे यांचा पहिला मान हाच, असें आम्हांस वाटतें.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें चार व्याख्यानें ऐकून त्यांचीं टिपणें स्वच्छ अक्षरांत उतरलीं, चित्रें काढलीं, व आपल्या हातानें पुस्तक बांधून तें डेव्हींकडे पाठविलें. १८१३ च्या मार्चमध्यें डेव्हींनीं त्यास प्रयोगशाळेंत मदतनीस नेमिलें. पगार आठवड्यास पंचवीस शिलिंग व राहण्यास माडीवरील दोन खोल्या.

यानंतरची दहा वर्षें फॅरडे यांनीं निमूटपणें काम केलें. १८२१ सालीं त्यांनीं विजेच्या साहाय्यानें तार चुंबकाभोंवतीं फिरवून दाखविली. परंतु याच यशानें त्यांच्यावर संकट आणिलें. वुलस्टन या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाची कल्पना फॅरडे यांनीं नांव न घेतां उचलली, अशी कुजबुज सुरू झाली. फॅरडे यांस याचें अत्यंत दुःख झालें. त्यांनीं स्वतः वुलस्टन यांची गांठ घेऊन सर्व हकीकत निवेदन केली व त्यांचें समाधान केलें.

१८२३ सालीं रॉयल सोसायटी या इंग्लंडांतील अग्रगण्य शास्त्रीय मंडळाच्या सभासदत्वासाठीं फॅरडे यांचें नांव सुचविण्यांत आलें. सूचनापत्रावर वुलस्टन यांचीही सही होती. विरोध झाला तो मात्र खुद्द डेव्ही यांचा! ते त्या वेळीं सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनीं फॅरडे यांस सूचनापत्र मागें घेण्यास सांगितलें. ज्यानें हात धरून वर आणिलें, तोच आतां दारांत आडवा उभा राहिला. फॅरडे यांनीं उलट शब्द काढला नाहीं. आपणांस सुचविणाऱ्यांनीं तें लाविलें आहे, आपण तें काढूं शकत नाहीं, इतकेंच नम्रपणें कळविलें. ८ जानेवारी १८२४ रोजीं मतदान झालें. एक मत विरुद्ध पडलें, बाकीचीं सर्व अनुकूल. लोहाराचा मुलगा रॉयल सोसायटीचा सभासद झाला.

येथेंच गोष्ट संपली असती, तर आम्ही ती सांगितली नसती. फॅरडे यांनीं डेव्हींविषयीं मनांत अढी धरली नाहीं. त्यांचे उपकार ते जन्मभर स्मरत राहिले. मान मिळाला म्हणून त्यांचें काम यत्किंचित् मंदावलें नाहीं. उलट सर्वांत मोठा शोध त्यानंतर सात वर्षांनीं, १८३१ सालीं, लागला. तारेच्या वेटोळ्यांत चुंबक आंतबाहेर हलविला असतां वीज उत्पन्न होते, हा तो शोध. १९१५ सालीं खोपोलीच्या केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस जी वीज मिळूं लागली, तिच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

त्याच सोसायटीनें १८४१ सालीं मुंबईच्या गोदींतील कुशल यंत्रज्ञ अर्देशीर खरसेटजी यांस सभासद करून घेतलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. दार एकदां गुणांकरितां उघडलें, म्हणजे तें दूरच्यांसही उघडतें.

पुढें १८५८ च्या सुमारास फॅरडे यांस सोसायटीच्या अध्यक्षपदाची विनंती झाली. त्यांनीं ती नाकारली. नाताळांत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याचें काम मात्र त्यांनीं एकोणीस वेळां आनंदानें केलें. एका साध्या मेणबत्तीवरून ते मुलांस अवघें रसायनशास्त्र समजावून देत. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्यांचें देहावसान झालें व हायगेटच्या स्मशानभूमींत कोणताही थाटमाट न करितां त्यांस मूठमाती देण्यांत आली.

नव्या सभासदांनो, आज तुमचें नांव पुकारलें गेलें तें पूर्वींच्या कामाबद्दल. त्या नांवाची किंमत यापुढील कामावरून ठरेल. तुमच्या मागें शिलिंग देणारा कोणी रॉबर्ट असेल, त्यास विसरूं नका. आणि उद्यां तुमच्याच हाताखालून कोणी पुढें येऊं लागला, तर त्याच्या वाटेंत उभे राहूं नका. ज्यांचें नांव या वर्षीं आलें नाहीं त्यांस एवढेंच सांगणें कीं, फॅरडे यांचें नांव निघण्यापूर्वीं ते दहा वर्षें प्रयोगशाळेंतील बाटल्या धूत व पुसत होते. आणि पालकांस आमची विनंती आहे कीं, घरीं आलेल्या मुलास मान मिळाला कीं नाहीं हें विचारण्याआधीं, आज काय नवें शिकलास, हें विचारावें.