प्रोफेसर रॉन्टजेन व क्ष-किरण

खेळतांना हात मोडून क्ष-किरणांच्या यंत्राखालीं बसण्याचा प्रसंग आमच्या पुष्कळ विद्यार्थिमित्रांवर आला असेल. परंतु ज्यांच्या श्रमांमुळें ही सोय झाली, त्यांचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असतें. तें येथें संक्षेपानें देत आहों.

विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन यांचा जन्म जर्मनींतील लेनेप गांवीं ता. २७ मार्च १८४५ रोजीं एका कापडव्यापाऱ्याच्या घरीं झाला. हॉलंडांत उट्रेख्ट येथील शाळेंत असतां एका सोबत्यानें शिक्षकांचें व्यंगचित्र काढलें. त्याचा आळ यांजवर आला. परंतु अपराध्याचें नांव यांनीं सांगितलें नाहीं, आणि ते शाळेस मुकले. तरी धीर न सोडतां झुरिच येथें शिक्षण पुरें करून ते पुढें वुर्त्सबुर्ग विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं सायंकाळीं अंधाऱ्या खोलींत त्यांचा विजेचा प्रयोग चालला होता. काळ्या पुठ्ठ्यानें झांकलेल्या नळीपासून कांहीं अंतरावरील रासायनिक लेपाचा पडदा एकाएकीं चमकूं लागला. दुसरा कोणी ही गोष्ट क्षुल्लक मानता. यांनीं तिच्या शोधांत कित्येक आठवडे घालविले. डिसेंबरांत त्यांनीं पत्नीच्या हाताचें छायाचित्र घेतलें; त्यांत हाडें व अंगठी स्पष्ट उमटलीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. ती रक्कम त्यांनीं विद्यापीठास दिली, व शोधाचें पेटंटही घेतलें नाहीं. ता. १० फेब्रुवारी १९२३ रोजीं म्युनिच येथें त्यांचें देहावसान झालें.

परंतु या देणगीस दुसरी बाजू आहे. आरंभीं लोक केवळ गंमत म्हणून आपलीं हाडें पाहत. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरन्स डॅली यांचे हात वारंवार किरणांखालीं धरल्यानें जळले, कापावे लागले, आणि १९०४ सालीं ते मरण पावले. आज यंत्रें पुष्कळ सुधारलीं आहेत. तरी सीटी स्कॅनमध्यें या किरणांचें प्रमाण छातीच्या साध्या क्ष-चित्रापेक्षां कित्येक पटींनीं अधिक असतें. सोनोग्राफी व एम्. आर्. आय्. यांत ते मुळींच नसतात.

म्हणून पालकांस आमची विनंती कीं, डॉक्टरांनीं आवश्यक म्हणून सांगितलेली तपासणी भीतीनें टाळूं नये. पण केवळ मनाच्या समाधानासाठीं ती मागूंही नये. जुनीं चित्रें जपून ठेवून डॉक्टरांस दाखवावीं, म्हणजे तीच तपासणी पुन्हां करण्याचा प्रसंग सहसा येणार नाहीं. स्त्री गरोदर असल्यास तसें आधींच सांगावें. रॉन्टजेन यांनीं जें मोल न घेतां जगास दिलें, तें विचारानें वापरावें, हेंच त्यांचें खरें स्मरण होय.