सागरावरील प्राणदाता

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. डग्लस हे त्या बेटावरील प्रमुख बंदर. बंदरासमोर कॉनिस्टर नावाचा खडक असून भरतीच्या वेळी तो पाण्याखाली लपतो. पूर्वी वादळात सापडलेली गलबते त्यावर आपटत आणि किनाऱ्यावरील लोकांना ते दृश्य हताशपणे पाहावे लागे. ही हताशता ज्यांना सहन झाली नाही, अशा सर विल्यम हिलरी यांची ही कथा आहे.

हिलरी यांचा जन्म १७७१ साली यॉर्कशायर परगण्यात झाला. नेपोलियनशी युद्ध चालू असताना त्यांनी पदरचे द्रव्य खर्चून स्वयंसेवकांचे पथक उभारले. पुढे १८०८ साली ते डग्लस येथे येऊन राहिले.

१८२२ च्या ऑक्टोबर महिन्यात भयंकर वादळ झाले. 'व्हिजिलंट' नावाचे आरमारी गलबत संकटात सापडले. डग्लसला तेव्हा जीवरक्षक नौका नव्हती. हिलरी यांनी काही धाडसी माणसे गोळा केली, साध्या वल्ह्यांच्या होड्या समुद्रात लोटल्या आणि अनेकांचे प्राण वाचवले. त्याच वर्षी डिसेंबरात 'रेसहॉर्स' हे दुसरे आरमारी जहाज फुटले. त्या वेळी मदतीस धावून गेलेल्यांपैकीही काही जण बुडाले. त्यांच्या बायकामुलांना आधार कोणाचा? हा प्रश्न हिलरी यांच्या मनाला डाचू लागला.

धैर्याला तोटा नव्हता. तोटा होता तो साधनांचा आणि व्यवस्थेचा. म्हणून १८२३ साली त्यांनी एक पुस्तिका लिहून देशाला आवाहन केले. ठिकठिकाणी जीवरक्षक नौका असाव्यात, त्या चालविण्यास स्वयंसेवक तयार करावेत आणि त्यांच्यापैकी कोणी मृत्यू पावल्यास त्याच्या कुटुंबाची काळजी घ्यावी, अशी ती योजना होती. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. हिलरी यांनी प्रयत्न सोडले नाहीत. पार्लमेंटचे सभासद टॉमस विल्सन यांनी त्यांना साहाय्य केले आणि ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये भरलेल्या सभेत ही संस्था जन्मास आली.

संस्था स्थापून हिलरी स्वस्थ बसले नाहीत. २० नोव्हेंबर १८३० रोजी 'सेंट जॉर्ज' ही आगबोट कॉनिस्टर खडकावर आदळली. हिलरी तेव्हा साठीच्या घरात आले होते आणि त्यांना पोहता येत नव्हते. तरीही ते निघाले. बंदरातील नवी जीवरक्षक नौका अजून पुरी सज्ज झाली नव्हती. अशा नौकेत हवाबंद पेट्या बसवितात. त्यामुळे आत पाणी शिरले तरी ती बुडत नाही. त्या पेट्याच अद्याप बसवावयाच्या होत्या. एका प्रचंड लाटेने हिलरींना समुद्रात फेकून दिले. त्यांच्या बरगड्या मोडल्या. सोबत्यांनी त्यांना नौकेत ओढून घेतले. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर आगबोटीवरील सर्व माणसे सुखरूप किनाऱ्यास लागली.

त्यानंतर हिलरी यांच्या प्रयत्नाने १८३२ साली कॉनिस्टर खडकावर एक मनोरा उभा राहू लागला. फुटलेल्या जहाजावरील माणसांना त्यात आश्रय मिळावा, हा त्यामागील हेतू होता. तो मनोरा आजही तेथे आहे.

हिलरी यांची दृष्टी याहून पुढची होती. समोरून वारा सुटला म्हणजे वल्ही मारणाऱ्यांचे हात थकतात आणि नौका जागची हलत नाही. म्हणून वाफेच्या शक्तीने चालणारी जीवरक्षक नौका बांधावी, असे त्यांनी सुचविले होते. त्या काळी ही कल्पना कोणी मनावर घेतली नाही. उतारवयात त्यांना द्रव्याच्या अडचणी सोसाव्या लागल्या आणि १८४७ साली डग्लस येथे त्यांचा अंत झाला. पुढे १८९० साली संस्थेची पहिली वाफेवर चालणारी नौका कामास लागली. तिला पंखा नव्हता. यंत्र पाणी आत ओढून जोराने बाहेर फेकी आणि नौका पुढे सरके. त्यामुळे फुटलेल्या जहाजाचे दोर पंख्यात अडकण्याची भीती उरली नाही.

आज त्या संस्थेजवळ वेगवान यंत्रनौका आहेत. परंतु वादळाची सूचना मिळताच हातातले काम टाकून धावणारी माणसे आजही बहुतांशी स्वयंसेवकच आहेत. नौका कितीही उत्तम असली, तरी तिच्यात पाऊल टाकण्यास माणूसच लागतो. आणि माणूस कितीही शूर असला, तरी त्याला चांगली नौका देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. हिलरी यांनी ही दोन्ही सत्ये ओळखली, म्हणूनच त्यांचे कार्य त्यांच्यामागे टिकून राहिले.