कांटच्या घरातला लाम्पे

तत्त्वज्ञान म्हटलं की आपण पान उलटतो. मीही उलटायचे. पण मुलीच्या बी.ए.च्या परीक्षेच्या वेळी तिचा अभ्यास घ्यायला बसले आणि इमॅन्युएल कांट या माणसापाशी थबकले.

कांटचा जन्म २२ एप्रिल १७२४ चा, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा. आज ते रशियातलं कालिनिनग्राद. वडील घोड्यांचे पट्टे-लगाम बनवणारे कारागीर. आई त्याला मोकळ्यावर नेऊन झाडं, आकाश दाखवायची. तो तेरा वर्षांचा असताना ती गेली. पुढे शिकवण्या करत, विद्यापीठात शिकवत तो प्राध्यापक झाला तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता आणि ज्या ग्रंथानं नाव झालं तो १७८१ साली आला, सत्तावन्नाव्या वर्षी. उशीर झाला म्हणून हातपाय गाळणाऱ्या माझ्यासारखीला तेवढाच धीर!

जग आपल्याला जसंच्या तसं कळत नाही, आपल्या मनाच्या चौकटीतून कळतं, असं त्या ग्रंथात आहे. १७८४ साली त्यानं लिहिलं, की माणूस अज्ञानात राहतो तो बुद्धी नसते म्हणून नव्हे, ती स्वतः वापरायचं धाडस नसतं म्हणून. आणि १७८५ साली नीतीची कसोटी दिली : आपण वागतो तसंच सगळ्यांनी वागावं, असं म्हणता येईल का? शिवाय, कुठल्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये.

कांटनं लग्न केलं नाही. त्याचं घर सांभाळलं ते मार्टिन लाम्पे या निवृत्त सैनिकानं. रोज पहाटे पाचच्या आधी तो मालकाला उठवायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. पुढे लाम्पे पिऊ लागला, खटके उडू लागले आणि १८०२ साली कांटनं त्याला पेन्शन देऊन काढलं. दोन वर्षांनी कांटही गेला. त्याच कांटनं १७९७ च्या पुस्तकात घरगड्यांना आणि झाडून सगळ्या बायकांना मताचा अधिकार नाकारला होता. धाडस करा म्हणणाऱ्यानंच आपल्याला दाराबाहेर ठेवलं! वाचून मी चिडले.

पण चिडता चिडता स्वयंपाकघरात नजर गेली. आमच्याकडे पंधरा वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशींचं मनगट दुखायला लागलं होतं. पोळ्या जाड होत होत्या. पहिल्या तारखेपासून दुसरी बाई बघायची, असं मी ठरवूनही टाकलं होतं. मावशींना विचारलं नव्हतं.

कांटचा तो ‘केवळ’ शब्द मला टोचला. कामाला माणूस ठेवू नका, असं तो म्हणत नाही. पगार देऊन पोळ्या करून घेणं गैर नाही. पण पोळ्यांपलीकडे त्या बाईला स्वतःचं मत, स्वतःचे बेत आहेत, हेच विसरणं गैर.

दुसऱ्या दिवशी मावशींना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं. त्यांना काम सोडायचं नव्हतं. पोळ्यांचंच तेवढं होत नव्हतं, पण काढून टाकतील या भीतीनं त्या गप्प होत्या. आता पोळ्यांना दुसरी मुलगी येते. मावशी भाज्या निवडतात, फोडण्या देतात. पगार तोच.

कांटचं सगळं मला पटलेलं नाही. पण त्याची कसोटी त्यालाच लावताना ती मलाही लागली, एवढं खरं.