थोरला प्लिनी

उरणच्या मोरा बंदरावर उभे राहून समुद्राकडे पाहिले असता समोर घारापुरीचे बेट दिसते, आणि एका बाजूस न्हावा-शेवा बंदरातील मोठमोठी मालवाहू जहाजे दिसतात. हे बंदर इ. स. १९८९ साली सुरू झाले. यामुळे नवी मुंबईच्या ह्या किनाऱ्यावर परदेशचा व्यापार कालपरवाच आला असे पुष्कळांस वाटते. परंतु घारापुरीच्या जमिनीतून ज्या जुन्या वस्तू निघाल्या आहेत, त्यांत रोमी राज्यातून आलेल्या द्राक्षारसाच्या कुंभांची खापरे आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांमागेही आपल्या ह्या किनाऱ्यास रोमी माल लागत होता.

रोमी लोकांचा इतिहास फार लांबलचक आहे. त्यातील कोणास जूलियस कैसराच्या लढायांचा काळ आवडतो, तर कोणास कॉन्स्टंटाइन बादशहाचा. आम्हांस विचाराल तर पहिल्या शतकाचा उत्तरार्ध आमचे मन अधिक ओढून घेतो. त्याचे कारण असे की, ज्या वर्षांत पौल कैदी होऊन इटलीत पुत्युल बंदरी उतरला आणि ज्या वर्षांत टायटसाच्या सैन्याने यरुशलेम पाडले, त्याच सुमारास मिसर देशातून आलेला एक ग्रीक भाषा लिहिणारा खलाशी सोपारा, कल्याण व चौल ह्या आपल्या बंदरांची नावे कागदावर उतरून ठेवीत होता. पवित्र शास्त्रात वाचलेली गावे आणि आपल्या पायाखालची गावे एकाच काळात अशी शेजारी उभी राहिलेली पाहून कोणाचे मन हलणार नाही? त्या काळात होऊन गेलेल्या एका विद्वान पुरुषाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्याचे नाव गायस प्लिनियस सेकुंडस. त्याच्या बहिणीचा मुलगाही पुढे त्याच नावाने प्रसिद्धीस आला, म्हणून मामास थोरला प्लिनी व भाच्यास धाकटा प्लिनी असे म्हणण्याची वहिवाट आहे. थोरला प्लिनी इ. स. २३ च्या सुमारास उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या काठी जन्मला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. तरुणपणी तो घोडेस्वारांचा अंमलदार होऊन जर्मनीच्या सरहद्दीवर गेला. तेथे छावणीत असतानाही त्याची लेखणी थांबली नाही. घोड्यावरून भाला कसा फेकावा यावर त्याने एक पुस्तक लिहिले, आणि रोमी लोकांनी जर्मनांशी केलेल्या सर्व युद्धांचा इतिहास वीस भागांत लिहिला. ही पुस्तके काळाच्या ओघात नाहीशी झाली आहेत.

पुढे नीरो बादशहाचा जुलूम वाढला. मोकळ्या मनाने काही लिहिणे म्हणजे प्राणास मुकणे, अशी वेळ आली. तेव्हा प्लिनी सरकारी कामापासून दूर राहिला, आणि ज्यात राजाचा कोप होण्याजोगे काही नाही अशा व्याकरणाच्या विषयावर लिहीत बसला. ह्यास कोणी भित्रेपणा म्हणेल, कोणी शहाणपण म्हणेल. इ. स. ६८ त नीरो मेला, आणि पुढच्या एका वर्षात चार बादशहा पाहून अखेरीस व्हेस्पासियन गादीवर स्थिरावला. त्याचा प्लिनीवर लोभ होता. बादशहा रात्रीही काम करणारा, म्हणून प्लिनी उजाडण्यापूर्वीच त्याच्या भेटीस जाई, तेथून नेमलेले काम करावयास जाई, आणि उरलेला सर्व वेळ वाचनास देई.

त्याच्या उद्योगाची हकीकत भाच्याने एका पत्रात लिहून ठेवली आहे. जेवताना एक दास त्यास पुस्तक वाचून दाखवी व तो टिपणे करून घेई. स्नानानंतर अंग पुसले जात असतानाही वाचन चाले. एकदा वाचणाऱ्याने शब्द चुकीचा उच्चारला, म्हणून एका मित्राने त्यास तो पुन्हा वाचावयास लावला. तेव्हा प्लिनीने मित्रास विचारले की, अर्थ कळला होता ना, मग परत कशाला वाचविले, तुमच्या ह्या अडवणुकीने दहा ओळींहून अधिक वाचन बुडाले. शहरात तो पालखीत बसून जाई, कारण पालखीत वाचता येते. भाचा पायी चाललेला दिसला की, हा वेळ फुकट गेला म्हणून त्यास बोल लावी. थंडीच्या दिवसांत त्याचा लेखक दास हातमोजे घालून बसे. ती दासाच्या सुखाची काळजी होती की लेखनात खंड पडू नये याची, हे वाचकांनी ठरवावे. मरताना त्याने बारीक अक्षरांत दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या १६० टिपणवह्या भाच्यास ठेवल्या.

ह्या सर्व श्रमाचे फळ म्हणजे त्याचा निसर्गाचा इतिहास हा ग्रंथ होय. त्याचे ३७ भाग आहेत, आणि तो इ. स. ७७ त राजपुत्र टायटस यास अर्पण केलेला आहे. आकाश, पृथ्वी, मनुष्य, पशू, पक्षी, झाडे, औषधे, धातू, रत्ने, असे सृष्टीतील काही म्हणून त्याने सोडले नाही. सुमारे दोन हजार पुस्तकांतून वीस हजार गोष्टी निवडल्या असे तो सांगतो. विशेष हे की, कोणती माहिती कोणाच्या पुस्तकातून घेतली त्या लेखकांची नावे त्याने पहिल्याच भागात देऊन टाकली. दुसऱ्याचे घेऊन स्वतःचे म्हणून मिरविणे त्यास चोरीसारखे वाटे. तथापि ग्रंथात दोषही मोठा आहे. ऐकीव गोष्टींची पारख त्याने नेहमी केली नाही. हिंदुस्थानात कुत्र्याच्या तोंडाची माणसे राहतात, आणि एका पायाची माणसे त्याच पायाची सावली करून निजतात, असल्या गप्पा त्याने जुन्या पुस्तकांतून जशाच्या तशा उतरून घेतल्या. बहुत वाचणे व बरोबर जाणणे ह्या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत, हे यावरून दिसते.

परंतु व्यापाराविषयी त्याने जे लिहिले ते मोलाचे आहे. आपल्या कोळी बांधवांस ठाऊक असलेल्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भरवसा ठेवून रोमी गलबते ऐन उन्हाळ्यात मिसर देशातून निघत, आणि तांबड्या समुद्राच्या तोंडापासून सुमारे चाळीस दिवसांत केरळाच्या किनाऱ्यास लागत. चाच्यांच्या भीतीने गलबतांवर तिरंदाज ठेवावे लागत. त्याहून जुनी एक वाट सिगेरस नावाच्या बंदरास येई. हे बंदर कोकणातच असावे असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. परतीचा प्रवास थंडीत, उलट वारा सुटला म्हणजे होई.

ही गलबते काय नेत? मिरी, मोती, रत्ने, तलम कापड. काळ्या मिरीचा रोममधील भाव प्लिनीने रोमी पौंडास ४ दिनार असा दिला आहे, आणि पिंपळीचा १५ दिनार. रोमी पौंड म्हणजे आपले सुमारे ३२५ ग्रॅम. दिनार म्हणजे द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुराची एक दिवसाची मजुरी. म्हणजे मूठ दोन मूठ मिरीसाठी मजुराचे चार दिवस जात. मिरीस ना गोडी ना रूप, केवळ तिखटपणासाठी लोक हिंदुस्थानापर्यंत धाव घेतात याचे प्लिनीस मोठे नवल वाटे. हिंदुस्थान दरवर्षी रोमी राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, आणि तेथील माल रोममध्ये शंभरपट किमतीने विकतो, अशी त्याची तक्रार होती. लोलिया पाउलिना नावाच्या श्रीमंत बाईस त्याने एका साध्या वाङ्निश्चयाच्या जेवणात चार कोटी सेस्टर्सांचे पाचू व मोती अंगावर घालून बसलेली पाहिले, आणि ती संपत्ती तिच्या आजोबाने प्रांत लुबाडून मिळविली होती हेही त्याने निर्भीडपणे लिहिले. मिरीचे वेल लावणारा, तेर व पैठणच्या बाजूचा माल गाड्यांवर घालून बंदराकडे आणणारा, समुद्रात बुडी मारून मोती काढणारा, ह्या गरीब माणसांकडे मात्र त्याची दृष्टी गेली नाही. त्यास माल दिसला, माणूस दिसला नाही.

असे असता ज्या प्रसंगाने त्याचे नाव अमर झाले तो प्रसंग माणसाच्या हाकेचाच होता. इ. स. ७९ त प्लिनी मिसेनम येथे रोमी आरमाराचा मुख्य होता. पुत्युल बंदर तेथून जवळच आहे, आणि उपसागराच्या पलीकडे व्हेसूव्हियस पर्वत. एके दिवशी दुपारी जेवून तो पुस्तके घेऊन पडला असता बहिणीने त्यास सांगितले की, आकाशात विलक्षण ढग आला आहे. त्याने उंचावर जाऊन पाहिले. ढगाचे खोड सरळ वर गेले होते आणि माथ्यावर फांद्या पसरल्या होत्या. हे जवळून पाहिले पाहिजे म्हणून त्याने हलके गलबत तयार करावयास सांगितले, आणि भाच्यास येतोस काय म्हणून विचारले. सतरा वर्षांच्या भाच्याने उत्तर दिले की, मी अभ्यासच करीत बसतो.

प्लिनी घराबाहेर पडतो तोच रेक्टिना नावाच्या बाईची चिठ्ठी त्यास मिळाली. तिचे घर डोंगराच्या पायथ्याशी होते आणि समुद्राखेरीज सुटकेची वाट उरली नव्हती. ती चिठ्ठी वाचताच त्याचा बेत पालटला. हलके गलबत राहिले. त्याने आरमाराची मोठी जहाजे पाण्यात लोटविली, आणि केवळ रेक्टिनेस नव्हे, तर त्या दाट वस्तीच्या किनाऱ्यावरील पुष्कळ लोकांस वाचवावे म्हणून, जेथून सर्व पळत होते तिकडेच सरळ सुकाणू धरले. तरी जे दिसे ते तो लेखकाकडून टिपून घेत होता. जहाजांवर गरम राख व दगड पडू लागले. किनारा ढासळलेल्या दगडांनी अडला. सुकाणू धरणाऱ्याने परत फिरण्याची सल्ला दिली. प्लिनी परत फिरला नाही. त्याने स्टाबिया गावी जहाज नेऊन पोंपोनियानस नावाच्या मित्रास गाठले. मित्र भीतीने कापत होता. त्यास धीर यावा म्हणून प्लिनीने त्यास पोटाशी धरले, शांतपणे स्नान केले, आनंदी मुद्रेने जेवला आणि निजला.

रात्री घरे हादरू लागली. अंगण दगडराखेने भरून दार बंद होण्याची वेळ आली, तेव्हा सर्व मंडळी डोक्यावर उशा बांधून किनाऱ्यावर गेली. सकाळ झाली तरी तेथे रात्रीहून दाट काळोख होता. समुद्र खवळलेला असल्यामुळे निघता येईना. प्लिनी एका कापडावर आडवा झाला व त्याने पाणी मागितले. गंधकाचा वास व ज्वाळा जवळ येताच इतर लोक पळाले. तो दोन दासांच्या खांद्यांवर भार देऊन उठला, आणि लगेच खाली कोसळला. त्याचा श्वासमार्ग मुळचाच दुर्बळ होता. तिसऱ्या दिवशी उजेड पडल्यावर त्याचे शव सापडले. अंगावर जखम नव्हती, आणि तो निजलेलाच दिसत होता. त्या दोन दासांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. रेक्टिना वाचली की नाही, हेही भाच्याने लिहिले नाही.

त्या आगीत पाँपी व हर्क्युलेनियम ही शहरे गाडली गेली. प्रेषितांच्या कृत्यांत सुभेदार फेलिक्स याची बायको द्रुसिल्ला हिचे नाव वाचकांनी वाचले आहे. तिचा मुलगा अग्रिप्पा याच प्रसंगी मेला. पाँपीच्या राखेखालून १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ती हिंदुस्थानी कारागिराच्या हातची आहे, आणि तिच्या जातीच्या मूर्ती आपल्याकडे भोकरदन व तेर येथे सापडल्या आहेत. ज्या हिंदुस्थानी मालाविषयी प्लिनीने तक्रार केली तो माल, आणि तक्रार करणारा, अशी दोघांवर एकाच डोंगराची राख पडली.

भाच्याविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. तो भित्रा नव्हता. राख मिसेनमपर्यंत आली तेव्हा आईने त्यास एकट्यास पळून जाण्याची विनवणी केली, परंतु त्याने तिचा हात सोडला नाही. मामाची अभ्यासाची सवय त्याने पुरी उचलली. पुढे इ. स. ११० नंतर तो बिथुनिया प्रांताचा सुभेदार झाला. तेथे खिस्ती लोकांस त्याच्यापुढे आणण्यात आले. ते नेमल्या दिवशी पहाटे जमून खिस्ताचे स्तोत्र गातात, आणि चोरी, व्यभिचार व ठेव बुडविणे ही करणार नाही अशी शपथ घेतात, एवढाच त्यांचा अपराध त्यास आढळला. तरी त्याने हट्ट न सोडणाऱ्यांस मारविले, आणि मंडळीची सेवा करणाऱ्या दोन दासींस यातना देऊन जबानी घेतली. त्या दासींचीही नावे त्याने लिहिली नाहीत. चौकशी व्यवस्थित होती, पत्र सुंदर होते; परंतु त्या दोघींची किंकाळी त्याच्या कानांवरून निघून गेली.

वाचकहो, मामा आणि भाचा दोघेही विद्वान. मामाचे दोष आम्ही झाकून ठेवले नाहीत. तथापि ज्याने आयुष्यभर दहा ओळींचे वाचन बुडाले म्हणून हळहळ केली, त्यानेच एका बाईची चिठ्ठी येताच पुस्तके बाजूस ठेवली. आमच्या खेड्यापाड्यांतील उपदेशक व शिक्षक बंधू दिवसाचे काम आटोपून रात्री दिव्यापाशी पुस्तक उघडतात, ही गोष्ट उत्तम आहे, आणि त्यांनी ती सोडू नये. पण वाचन रंगात आले असता दारावर कोणी घाबऱ्या आवाजात हाक मारील, कोणाचे मूल तापाने फणफणले असेल, कोणाच्या घरात पाणी शिरले असेल. त्या वेळी पानात खुणेची काडी घालून पुस्तक मिटावे, कंदील उचलावा, आणि निघावे. ते पान सकाळी तेथेच सापडेल.