एकच विष, दोन वाटा: क्लोद बर्नार

दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतील शिकारी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचे वनस्पतिजन्य विष लावत. बाण लागलेला प्राणी थोड्याच वेळात निपचित पडे. त्याचे मांस खाणाऱ्याला मात्र काहीच होत नसे. जखमेतून गेल्यावर जीव घेणारे विष पोटात गेल्यावर निरुपद्रवी कसे ठरते? हे कोडे ज्याने प्रयोगांनी सोडवले तो फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे क्लोद बर्नार.

बर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील सें-जुलियन या गावी, द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी लियों शहरात एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली. तिथे अनेक द्रव्ये एकत्र करून सर्व रोगांवर खपवली जाणारी औषधे पाहून त्यांचा त्या विद्येवरचा विश्वास उडाला. नाटककार व्हायचे म्हणून ते पॅरिसला गेले, पण एका नामवंत समीक्षकाने त्यांना पोटापाण्यासाठी वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. १८४३ मध्ये पदवी मिळाली, तरी त्यांनी दवाखाना थाटला नाही. फ्रान्स्वा माझांदी यांचे सहायक म्हणून ते प्रयोगशाळेतच रमले.

क्युरारेचे कोडे उलगडायला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: जठररस हे विष नष्ट करतो का? विष जठररसात मिसळून ठेवले आणि मग प्राण्याला टोचले, तर ते पूर्वीइतकेच घातक ठरले. म्हणजे पोटात विष नष्ट होत नव्हते. आतड्याचे अस्तर ते सहजासहजी रक्तात जाऊ देत नव्हते, आणि रक्तात पोहोचल्याशिवाय त्याचा परिणाम होत नव्हता.

रक्तातून ते नेमके कुठे जाते? बर्नार यांनी बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा दोऱ्याने बांधून थांबवला. पायाची नस तेवढी शाबूत ठेवली. मग पाठीच्या कातडीखाली विष घातले. सारे शरीर लुळे पडले, पण रक्त न पोहोचलेला तो पाय हलत राहिला. लुळ्या भागाला चिमटा घेतला तरी तो पाय झटका देई. लुळ्या स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तोही आकसे. म्हणजे संवेदना शाबूत, स्नायूही शाबूत. तुटला होता तो नसेचा स्नायूला मिळणारा हुकूम. श्वासाचे स्नायू थांबल्याने प्राणी मरत होता. कृत्रिम श्वास चालू ठेवला, तर विष शरीराबाहेर पडेपर्यंत तो जगू शकत होता.

यातला अस्वस्थ करणारा भाग बर्नार जाणून होते. क्युरारे दिलेला प्राणी शांत दिसतो, पण त्याला सारे जाणवत असते. अशा प्रयोगांची किंमत त्यांनी घरातही मोजली. पत्नी आणि मुली प्राण्यांवरील प्रयोगांच्या कट्टर विरोधक होत्या. अखेर पती-पत्नी विभक्त झाले. त्या विरोधामागचा प्रश्न आजही प्रत्येक प्रयोगशाळेसमोर आहे.

यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनचा शोधही बर्नार यांचाच. प्रायोगिक वैद्यकावरील त्यांचा ग्रंथ १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १० फेब्रुवारी १८७८ रोजी ते निवर्तले, तेव्हा फ्रान्सने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला.

१९४२ मध्ये कॅनडातील माँट्रिअल येथे डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी भूल दिलेल्या रुग्णाचे स्नायू सैल करण्यासाठी शुद्ध केलेले क्युरारे वापरले. आज त्याच जातीची सुरक्षित औषधे ऑपरेशन थिएटरमध्ये वापरली जातात. ती गोळी म्हणून नव्हे, तर शिरेतून देतात; सोबत श्वासासाठी यंत्र असते. आणि झोपेचे औषधही दिले जाते, कारण सैल पडलेले शरीर म्हणजे वेदनामुक्त शरीर नव्हे. एखादे औषध तोंडाने घ्यायचे की सुईने, हे डॉक्टर उगाच ठरवत नाहीत. औषध कोणते, इतकेच ते रक्तापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हेही महत्त्वाचे असते.