टंचाईचे श्रेय कोणाला?

कमी पैशांत उत्तम काम होऊ शकते, हे विधान आपल्या सार्वजनिक जीवनात वारंवार ऐकू येते. ते करणाऱ्यांत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारेच अधिक असतात. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन भयपटाचा दाखला या विधानाच्या पुष्ट्यर्थ सहज देता येईल. तथापि, त्याचे निर्माते व्हॅल ल्यूटन यांचे चरित्र पाहिले म्हणजे हा दाखला तितका सरळ राहत नाही.

ल्यूटन यांचा जन्म १९०४ साली रशियन साम्राज्यातील याल्टा येथे झाला. बालपणीच ते अमेरिकेत आले. कादंबऱ्या लिहून आणि डेव्हिड सेल्झनिक या मातब्बर निर्मात्याच्या कथाविभागात काम करून त्यांनी उमेदवारी केली. १९४२ मध्ये आर. के. ओ. या संस्थेने त्यांच्यावर स्वस्त भयपटांचा विभाग सोपविला. ऑर्सन वेल्स यांच्या महत्त्वाकांक्षी चित्रपटांत हात पोळलेल्या या संस्थेच्या अटी कडक होत्या : खर्च दीड लाख डॉलरांच्या आत, लांबी ७५ मिनिटांहून कमी आणि शीर्षक संस्था देईल ते.

‘कॅट पीपल’ ही आपण श्वापद होऊ या भीतीने ग्रासलेल्या एका नवविवाहितेची कथा. श्वापद दाखविण्यास पैसा नव्हता. ल्यूटन यांनी ते प्रेक्षकांच्या मनात उभे केले. वेल्स यांच्या चित्रपटासाठी बांधलेला जिना त्यांनी पुन्हा वापरला. दिग्दर्शक झाक टूर्नर यांनी पोहण्याच्या तलावाच्या भिंतींवर सावल्या हलविल्या. निर्मनुष्य रस्त्यावर भेदरून चालणाऱ्या स्त्रीसमोर अकस्मात एक बस फुसकारत येऊन थांबते आणि प्रेक्षक दचकतो. दचकविण्याच्या या क्लृप्तीला चित्रपटव्यवसायात आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

हे सारे टंचाईने घडविले काय? टंचाई त्या काळच्या प्रत्येक स्वस्त चित्रपटाला होती. त्यांतील बहुतेक विस्मृतीत गेले. फरक पडला तो जमाखर्चात न दिसणाऱ्या श्रमामुळे. पटकथांवरचा अखेरचा हात ल्यूटन स्वतः फिरवीत आणि बहुतेक वेळा त्यावर आपले नावही घालीत नसत. मोठ्या खर्चाच्या चित्रपटाची संधी चालून आली, तेव्हा दिग्दर्शन आपले संकलक मार्क रॉब्सन यांनाच द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. संस्थेने नकार देताच त्यांनी ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’ हा चित्रपट पुन्हा अल्प खर्चातच केला. दुसरे संकलक रॉबर्ट वाइज यांनाही दिग्दर्शनाची पहिली संधी ल्यूटन यांनीच दिली. ‘द साउंड ऑफ म्युझिक’साठी ऑस्कर मिळविणारे ते हेच वाइज.

१९४६ च्या ‘बेडलम’नंतर ल्यूटन यांचा आर. के. ओ.शी संबंध संपला. अन्यत्र त्यांचे बस्तान बसले नाही. १९५१ मध्ये, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ‘कॅट पीपल’ मात्र १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत समाविष्ट झाला.

भांडवलात पडलेली तूट आपोआप भरून निघत नसते. कोणी तरी ती आपल्या श्रमाने भरीत असतो. शाळा असो, कचेरी असो वा चित्रपट, हा भरणा कोणी केला याची चौकशी न करता काटकसरीचे गोडवे गाणे, म्हणजे माणसाचे श्रेय टंचाईच्या खाती जमा करणे होय.